स्टोकसे : लोकरीच्या व्यापाऱ्याने बांधलेली दगडी गढी

इंग्लंडच्या पश्चिमेस, वेल्सच्या डोंगररांगा जिथे सुरू होतात त्याच्या अलीकडे, श्रॉपशायर नावाचा परगणा आहे. हिरव्या टेकड्या, त्यांच्या मधून वाहणाऱ्या लहान नद्या आणि उतारांवर चरणारी मेंढरे हे या प्रदेशाचे शतकानुशतकांचे चित्र होय. याच परगण्यात लडलो या जुन्या बाजारगावापासून सुमारे सात मैलांवर, ऑनी नदीच्या खोऱ्यात, स्टोकसे नावाची दगडी वास्तू उभी आहे. इंग्रजीत तिला ‘कॅसल’, म्हणजे किल्ला म्हणतात. परंतु ही वास्तू कोणा राजाने वा सरदाराने बांधलेली नाही. ती बांधली एका लोकरीच्या व्यापाऱ्याने, सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी, स्वतःच्या कुटुंबाच्या निवासासाठी. मराठी माणसाच्या ओळखीचा शब्द वापरायचा तर ती ‘गढी’ आहे. भोवती खंदक, त्याच्या आत तट, दोन बाजूंना दोन बुरूज आणि त्यांच्या मध्ये राहते घर अशी तिची रचना आहे.

इंग्लंडमध्ये मोठे किल्ले पुष्कळ आहेत. मात्र तेराव्या शतकातील श्रीमंत गृहस्थाचे घर, त्यातील छप्पर, जिना व तुळयांसह, जवळजवळ मूळ स्वरूपात पाहायला मिळते अशी ठिकाणे फार थोडी. स्टोकसे हे त्यांतील अग्रगण्य होय.

लॉरेन्स ऑफ लडलो

या गढीचा कर्ता लॉरेन्स ऑफ लडलो. त्याचे वडील निकोलस हेही लोकरीचेच व्यापारी, म्हणजे धंदा वडिलोपार्जित. त्या काळी इंग्लंडची संपत्ती म्हणजे मेंढीच्या पाठीवरची लोकर. वेल्सच्या सीमेवरील मेंढ्यांची लोकर उत्तम प्रतीची समजली जाई. ती मठांकडून आणि जमीनदारांकडून खरेदी करायची, मोठ्या गोणींत भरायची, घोड्यांवर लादून बंदरापर्यंत न्यायची आणि समुद्रापार फ्लँडर्सच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागातील विणकर शहरांना विकायची, असा हा व्यवहार होता. लोकरीच्या एका गोणीचे प्रमाणित वजन ३६४ पौंड, म्हणजे सुमारे १६५ किलो असे.

लॉरेन्सने या व्यापारात वडिलांपेक्षा मोठी मजल मारली. तो देशातील सर्वांत धनवान व्यापाऱ्यांपैकी एक गणला जाऊ लागला. सीमेवरील बडे सरदार त्याच्याकडून कर्ज घेत आणि प्रत्यक्ष राजा पहिला एडवर्ड याच्या दरबारी त्याचा सल्ला विचारला जाई. लोकर हा माल आणि पत हे भांडवल, या दोन पायांवर त्याची पेढी उभी होती.

१२८१ मध्ये त्याने स्टोकसेची जहागीर मिळवली. पुढच्या दोनच वर्षांत एडवर्डने वेल्स जिंकले आणि सीमेवरची पिढ्यान्‌पिढ्यांची धामधूम बरीचशी ओसरली. भांडवल गुंतवण्याची ही योग्य वेळ आहे, हे व्यापाऱ्याच्या नजरेने हेरले. लाकडातील वर्षवलयांच्या अभ्यासावरून असे दिसते की या घरासाठी तोडलेली झाडे प्रामुख्याने १२८० नंतरच्या दशकातील आहेत. याचा अर्थ, जमीन हाती येताच काही वर्षांत बहुतेक सारी वास्तू एका हाताने, एका विचाराने उभी राहिली. तिच्या आजच्या एकसंधपणाचे एक कारण हेच.

दिवाणखाना

आत शिरल्यावर प्रथम चौक लागतो आणि चौकाच्या पलीकडे घराचे हृदय असलेला दिवाणखाना. त्याची लांबी सुमारे ५४ फूट आणि रुंदी ३१ फूट आहे. एवढ्या रुंद जागेवर मधे एकही खांब न घालता छप्पर तोलायचे, हे त्या काळच्या सुतारांपुढचे आव्हान होते. त्यांनी तीन भव्य लाकडी कमानी उभारल्या. वाकलेल्या ओंडक्यांच्या जोड्या दोन्ही भिंतींपासून वर चढत जातात व शिखराशी एकमेकींना भेटतात. त्यांना आडव्या तुळयांनी बांधून घेतले आहे. शिखर तोलण्यासाठी मध्यभागी उभा दांडा देण्याची जी सर्वसाधारण रीत, ती इथे नाही. त्यामुळे मान वर करून पाहणाऱ्याला छप्पर उलट्या ठेवलेल्या नावेच्या पोटासारखे भासते. या कमानींचे पाय मुळात बरेच खालपर्यंत पोचत असत. आज ते एकोणिसाव्या शतकात बसवलेल्या दगडी आधारांवर टेकले आहेत.

दिवाणखान्याच्या फरशीत अष्टकोनी चूल आहे. तिला धुराडे नव्हते. उघड्यावर लाकडे पेटत आणि धूर वर चढत छपरातून बाहेर पडे. मालक, त्याचे कुटुंब, कारकून, नोकर आणि पाहुणे यांचे जेवण, हिशेब, भेटीगाठी, सारे याच एका छताखाली चाले. आपल्याकडच्या वाड्यातील सदर आणि माजघर एकत्र केले तर जे होईल, तसे हे दालन.

दिवाणखान्याचा विशेष म्हणजे त्याच्या खिडक्या. त्या उंच आहेत, टोकाशी निमुळत्या कमानीच्या आहेत आणि जमिनीपासून फार उंचावर नाहीत. चौकाच्या बाजूला तर त्या आहेतच, पण खंदकाच्या बाजूला, म्हणजे बाहेरच्या जगाकडेही आहेत. त्या काळी काच हा महागडा माल होता. तो वरच्या भागातच बसवलेला असे आणि खालच्या भागाला लाकडी झडपा लावत. खिडकीशी दगडी बैठका आहेत. तेथे बसून दरीतील शेते आणि टेकड्या पाहता येतात. ज्याला शत्रूची खरोखर भीती वाटते, तो बाहेरच्या भिंतीला असली खिंडारे पाडत नाही. गढीचे खरे स्वरूप या खिडक्यांपाशीच उमगते.

जिना आणि उत्तर बुरूज

दिवाणखान्याच्या उत्तर टोकाला एक लाकडी जिना भिंतीला लागून वर चढतो. ओबडधोबड आणि अवजड असा हा जिना म्हणजे स्टोकसेचा एक अमोल ठेवा आहे. त्याच्या पायऱ्या फळ्यांच्या नाहीत. अखंड ओंडके तासून त्या केल्या आहेत. लॉरेन्सच्या सुतारांनी बसवलेल्या याच पायऱ्यांवर आजचा प्रवासी पाऊल ठेवतो. सातशे वर्षांपूर्वीचे दगडी जिने युरोपात ठिकठिकाणी दिसतात. लाकडी जिना मात्र आग, वाळवी, ओल आणि नव्या मालकाची हौस या चारही संकटांतून क्वचितच वाचतो.

जिन्याने उत्तर बुरुजात जाता येते. खालचा भाग दगडी आणि सर्वांत वरचा मजला लाकडी चौकटीचा, भिंतीबाहेर झुकलेला अशी या बुरुजाची चमत्कारिक घडण आहे. वरच्या लाकूडकामाची सतराव्या शतकात दुरुस्ती झाली, परंतु असा पुढे काढलेला मजला ही कल्पना मुळापासूनची आहे. वर चहूबाजूंनी खिडक्या असल्याने प्रकाश भरपूर. एका मजल्यावर मध्ययुगीन फरशीच्या कौलांचे अवशेष अजून पायाखाली दिसतात.

खासगी दालन आणि दक्षिण बुरूज

दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला मालकाचे खासगी दालन आहे. खाली तळघर, वर दालन आणि तेथे पोचायला चौकातून बाहेरच्या बाजूने दगडी पायऱ्या. आज या दालनात दिसणारे लाकडी तावदान आणि शेकोटीवरचे कोरीवकाम साधारण १६४० चे आहे. आज गडद तपकिरी दिसणारे हे काम मुळात भडक रंगांनी रंगवलेले होते. शेकोटीच्या बाजूच्या लहान झरोक्यांतून खालच्या दिवाणखान्यात काय चालले आहे ते पाहता येते. पेढीवर बसणाऱ्या माणसाला या सोयीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मालक समोर नसला तरी त्याची नजर आहे, एवढी जाणीव व्यवहार सरळ राहण्यास पुष्कळदा पुरेशी असते.

दक्षिण टोकाला तीन मजली बुरूज आहे. बाहेरून सर्वांत लढाऊ दिसणारा भाग हाच. त्याचा आकार पाच असमान बाजूंचा आहे. जाड भिंतींच्या पोटातच जिने व शौचकूप बसवले आहेत. या पोकळ्या एकसारख्या न पडल्याने भिंती कमकुवत झाल्या आणि बांधकाम चालू असतानाच दोन भक्कम दगडी धिरे द्यावे लागले. पाच बाजूंचा बुरूज दिसायला ऐटबाज, पण त्या ऐटीची किंमत गवंड्यांना अशी मोजावी लागली. तळमजल्यावर विहीर आहे आणि तेथे पूर्वी फक्त वरच्या मजल्यावरूनच उतरता येत असे. मौल्यवान माल व दस्तऐवज ठेवण्याची ही जागा, म्हणजे आजच्या भाषेत तिजोरीची खोली, असावी. खिडक्यांना काचा तेव्हाही नव्हत्या, आजही नाहीत. हिवाळ्यात झडपा लावून घेत.

बुरुजाच्या माथ्यावर दातेरी चर्या आहेत. अशा चर्या काढायला त्या काळी राजाचा परवाना लागे. लॉरेन्सला तो १२९१ मध्ये मिळाला. घराचे बहुतेक काम तोपर्यंत झाले असावे. तेव्हा या परवान्याचा उपयोग संरक्षणापेक्षा प्रतिष्ठेसाठीच अधिक होता. मेंढपाळांच्या मुलुखातील एका व्यापाऱ्याला सरदारांप्रमाणे तटबंदीचे घर बांधण्यास राजाने मान्यता दिली, ही गोष्ट दूरवरून दिसावी म्हणून या चर्या. बुरूज आणि खंदक पाहून दरोडेखोर दबकतील, कर्जदार आदर करतील आणि सरदार पंक्तीला बसवून घेतील, हा त्यामागचा हिशेब होता.

हिशेबातली चूक

हा हिशेब चुकला तो भिंतींत नव्हे. परवान्यानंतर तिसऱ्या वर्षी, १२९४ मध्ये, एडवर्डचे फ्रान्सशी युद्ध जुंपले. युद्धाला पैसा हवा होता. राजाने देशातील लोकर जप्त करण्याचा हुकूम काढला. व्यापाऱ्यांच्या दृष्टीने हा सर्वनाश होता. त्यातून मार्ग काढणाऱ्यांत लॉरेन्स प्रमुख होता. मालच घेण्यापेक्षा मालावर जबर कर घ्या, असा हा तोडगा. १२७५ पासून लोकरीच्या एका गोणीवर ६ शिलिंग ८ पेन्स जकात होती. ती आता ४० शिलिंग झाली. म्हणजे एकदम सहापट.

वरवर पाहता हा समझोता शहाणपणाचा. जप्तीत सारेच गेले असते. करात भांडवल तरी शाबूत राहिले. परंतु कर भरतो कोण आणि सोसतो कोण, हा प्रश्न तेव्हाही आजच्याइतकाच खरा होता. मोठ्या निर्यातदारांनी कराचा बोजा खरेदीच्या भावात वळता केला. मेंढ्या पाळणारे शेतकरी, लोकर विकणारे मठ आणि लहान व्यापारी यांच्या हातात पडणारा भाव घसरला. ज्याने दरबारात सर्वांच्या वतीने सौदा केला, त्याचे नाव गावोगाव शिव्याशापांनी घेतले जाऊ लागले.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात लॉरेन्स लोकर आणि राजाच्या मित्रांसाठीचा पैसा घेऊन निघालेल्या ताफ्याबरोबर समुद्रापार जात होता. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ वादळात त्याचे जहाज बुडाले आणि लॉरेन्सही बुडाला. डन्स्टेबल येथील मठातील बखरकाराने या मृत्यूची नोंद करताना दुःख व्यक्त केले नाही. लोकरीच्या व्यापाऱ्यांचा याने अपराध केला, म्हणूनच लोकरीने लादलेल्या जहाजात तो बुडाला, असा निर्वाळा त्याने दिला. त्या मठालाही आपली लोकर विकायचीच होती. तेव्हा ही नोंद निःपक्ष नव्हे, हे उघड आहे. जप्ती टाळण्याचे श्रेयही लॉरेन्सला द्यायला हवे. तरीही ज्यांच्याकडून माल घेऊन त्याने आयुष्यभर धंदा केला, त्यांच्याच दप्तरी तो अपराधी म्हणून नोंदला गेला, ही गोष्ट उरतेच. विरोध इतका वाढला की तीनच वर्षांत, १२९७ मध्ये, राजाला तो कर मागे घ्यावा लागला. पत ही बुरुजाच्या तळघरात ठेवता येत नाही; ती लोकांच्या मनात ठेवावी लागते आणि तेथे तिला चर्या वा खंदक यांचा उपयोग नसतो.

लॉरेन्सला या घराचा उपभोग फार थोडी वर्षे मिळाला. परंतु त्याच्या वंशजांनी येथे सुमारे दोनशे वर्षे वास्तव्य केले. व्यापारी घराणे हळूहळू जमीनदार घराणे झाले.

हातोहात

पुढे विवाहसंबंधातून वास्तू व्हर्नन घराण्याकडे गेली. त्यातील हेन्री व्हर्नन याची कथा बँकेच्या उंबरठ्यावर प्रत्येकाला सांगावी अशी आहे. तो दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला. कर्जदाराने पैसे बुडवले, वसुली जामिनावर आली आणि लंडनच्या फ्लीट तुरुंगात त्याला दिवस काढावे लागले. अखेर १५९८ मध्ये त्याने स्टोकसे ६,००० पौंडांना विकून देणी भागवली. दगडी भिंती सातशे वर्षे टिकल्या. मालकी मात्र एका सहीने गेली.

१६२० मध्ये गढी पुन्हा व्यापाऱ्याच्या घरात आली. खरेदी करणाऱ्या डेम एलिझाबेथ क्रेव्हन या लंडनचे महापौर राहिलेल्या सर विल्यम क्रेव्हन यांच्या विधवा होत. हे क्रेव्हन कापड-शिवणकामाच्या धंद्यातील संघाचे बडे सभासद होते. क्रेव्हन घराण्याच्या काळात, १६४०-४१ मध्ये, चौकाच्या तोंडाशी लाकडी चौकटीची, कोरीवकामाने नटलेली देवडी उभी राहिली. आदम आणि ईव्ह यांच्या आकृती तीवर कोरल्या आहेत. करड्या दगडी वास्तूसमोर पिवळसर रंगातली ही तिरकी-वाकडी देवडी आज स्टोकसेची ओळख झाली आहे. तिचा खर्च ५३३ पौंड आला.

लगेच इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात यादवी पेटली. १६४५ च्या जूनमध्ये संसदेचे सैन्य दारात येऊन ठेपले तेव्हा राजपक्षाच्या शिबंदीने फारसा प्रतिकार न करता गढी स्वाधीन केली. तोफांपुढे हे घर टिकणारे नाही, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. शत्रूचे किल्ले निकामी करण्याच्या धोरणानुसार १६४७ मध्ये तट पाडला गेला. खंदकाच्या तळापासून सुमारे ३४ फूट उंच असलेल्या त्या तटाचा आज ठेंगणा भाग उरला आहे. घराला मात्र हात लागला नाही. किल्ला म्हणून ते दुबळे होते, म्हणूनच घर म्हणून वाचले.

शेजारचे सेंट जॉन चर्च या धुमश्चक्रीत उद्ध्वस्त झाले आणि १६५४ च्या सुमारास पुन्हा बांधले गेले. धर्मस्थळे बांधण्याचे काम देशभर थंडावलेल्या त्या वर्षांत हे काम झाले, हे विशेष.

न बदलण्याचे शहाणपण

त्यानंतरची दीडशे वर्षे स्टोकसेची उतरती कळा होती. मालक दूर राहत, वास्तू कुळांकडे असे. दिवाणखान्यात धान्य साठवले जाई आणि दक्षिण बुरुजाच्या तळाशी लोहाराची भट्टी चाले. १८३० मध्ये त्या बुरुजाला आग लागून आतील मजले जळून गेले. हा ऱ्हास पाहून हळहळ वाटते. तथापि याच उपेक्षेने एक उपकार केला. श्रीमंत मालक येथे राहिले असते तर प्रत्येक पिढीने आपापल्या आवडीप्रमाणे छप्पर बदलले असते, खिडक्या मोठ्या केल्या असत्या, जिना उखडला असता. धान्याच्या पोत्यांना छप्पर कोणत्या शतकातले आहे याची पर्वा नसते.

मग वास्तूची किंमत ओळखणारी माणसे पुढे आली. फ्रान्सेस स्टॅकहाउस ॲक्टन या स्थानिक इतिहासप्रेमी विदुषीने मालकांचे मन वळवले आणि १८५३ मध्ये १०३ पौंडांची दुरुस्ती झाली. रक्कम किरकोळ, परंतु पडझड थांबवायला वेळेवर लावलेला टाका मोलाचा ठरला. १८६९ मध्ये जॉन डर्बी ऑलक्रॉफ्ट यांनी भोवतालच्या ५,२०० एकर जमिनीसह स्टोकसे २,१५,००० पौंडांना घेतले. हे हातमोज्यांचे प्रसिद्ध कारखानदार. लोकर, कापड आणि हातमोजे, असे तीन धंदे तीन शतकांत या एका घराशी जोडले गेले.

ऑलक्रॉफ्ट यांच्याजवळ पैसा अपार होता. त्या काळी जुन्या वास्तू ‘सुधारून’ नव्या कोऱ्या करण्याची हौसही श्रीमंतांत फार होती. त्यांनी तसे केले नाही. जे मोडकळीस आले तेवढेच सावरले आणि जुने होते ते जुनेच ठेवले. पुढे कुटुंबासाठी प्रशस्त नवे घर वेगळे बांधले गेले. गढीवर बोजा पडला नाही. ऐपत असूनही हात आवरणे, हेच या घरावर झालेले सर्वांत मोठे काम होय. त्याच घराण्यातील लेडी मॅग्नस-ऑलक्रॉफ्ट यांनी १९८६ मध्ये वास्तूची देखभाल ‘इंग्लिश हेरिटेज’ या संस्थेकडे सोपवली आणि १९९२ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती कायमची संस्थेला मिळाली. दरम्यान १९८७ ते १९८९ या काळात संस्थेने दीर्घ दुरुस्ती केली.

आज क्रेव्हन आर्म्स या रेल्वे स्थानकापासून स्टोकसे पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आत सामानसुमान मुद्दामच मांडलेले नाही. रिकाम्या दिवाणखान्यात प्रकाश तिरपा उतरतो, जिन्याचे ओंडके पावलांनी गुळगुळीत झालेले दिसतात आणि खिडकीशी दगडी बैठक रिकामी असते. दक्षिण बुरुजाच्या माथ्यावर गेल्यास एका बाजूला चौक, देवडी आणि कोरडा खंदक दिसतो, तर दुसऱ्या बाजूला दरीतली कुरणे. लॉरेन्सचे भांडवल ज्या पाठींवर वाढले, त्यांचे वंशज तेथे अजून चरत असतात. त्याची गोणी, त्याचे कर्जरोखे आणि त्याचे जहाज यांपैकी काहीही उरले नाही. राहण्यासाठी जे बांधले तेवढेच उरले, आणि तेही नंतरच्या मालकांनी त्याला फारसा धक्का लावला नाही म्हणून.